दोन थापा

१

भाड्यानं व्हॅन देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक कधी हसत येत नाही. स्वतःची गाडी धड असेल तर कोण कशाला त्याची पायरी चढेल? त्या सोमवारी सकाळी लाँड्रीवाली ताई काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तो राग होता धाकट्या भावावर, आणि निघाला काउंटरवरच्या चष्मेवाल्यावर. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

"गाडी तयार ठेवतो म्हणाला होतात."

"तयारच आहे, बाई. फॉर्म तेवढा भरा."

फॉर्मवर व्हॅनचं चारी बाजूंनी काढलेलं चित्र होतं. गाडीभोवती एक फेरी मारायची, जिथं पोचा किंवा ओरखडा दिसेल तिथं चित्रावर फुली करायची, म्हणजे परत देताना वाद नको. ताईनं फेरी मारली ती रस्त्यावरच्या भांडणाला जावं तशी. उजव्या दारावर एक ओरखडा, मागच्या बंपरला पोचा. झालं.

"मागचा डबा आतून बघून घ्या," चष्मेवाला म्हणाला.

"रिकाम्या डब्यात काय बघायचं? तिकडं हॉस्पिटलात माझ्या चादरींची वाट बघतायत."

"बरं. स्वतःच चालवणार ना?"

"मग काय तुम्ही येणार आहात?"

चष्मेवाला हसला नाही. त्यानं फॉर्मवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "मागे माल ठेवायचा. माणूस बसवायचा नाही. सगळ्यांना सांगतो हे." ताईनं सही करेपर्यंत त्यानं ते बोट काही उचललं नाही.

सही करून ती बाहेर आली. धाकटा फुटपाथवर उभा होता. धाकटा म्हणजे वयानं अडतीस वर्षांचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला बाप्या, पण घरात धाकटा तो धाकटाच. ताईनं पुढचं दार उघडून दिलं. तिच्या शेजारी तीन माणसं मावतील एवढी जागा होती. त्यानं त्या जागेकडं पाहिलं, मागं गेला, डब्याचं दार उघडलं, आत चढला आणि दार ओढून घेतलं.

मग पार्टिशनच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

"कर, असंच कर," ताई आरशाकडं बघून म्हणाली आणि तिनं गिअर टाकला.

२

थापांची ही भाषा दोघांनी मुद्दाम बसवलेली नव्हती. वीस वर्षं एकीनं पुढं बसून गाडी चालवली आणि दुसऱ्यानं मागं गाठोडी चढवली, त्यातून ती आपोआप झाली. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे सगळं ठीक, चल. ताईनं त्यावर हॉर्न हळूच एकदा दाबायचा, म्हणजे तिला ऐकू आलं. गाडी मागं घेतानाही तेच. ती आरशात बघायची कमी आणि कान लावायची जास्त. धाकट्याची थाप पडली की डोळे मिटूनही तिनं गाडी भिंतीपासून चार बोटांवर लावली असती.

पण तेव्हा तोंडही चालत होतं. आता दहा दिवस झाले होते, दोघांत थापांखेरीज काही उरलं नव्हतं.

झालं होतं असं की धाकट्याला दुसऱ्या गावी मोठ्या लाँड्रीत नोकरी लागली होती. लागू दे. माणसाला वाटतं कधी, बहिणीच्या हाताखाली जन्म काढू नये. पण ही गोष्ट ताईला कळली ती हॉस्पिटलच्या स्टोअरकीपर बाईकडून, चादरींच्या रजिस्टरवर सही करताना. "भाऊ चालला म्हणे पुढच्या महिन्यात," बाई सहज म्हणाली. सगळ्या गावाला ठाऊक, फक्त जिच्या ताटात तो रोज जेवत होता तिला ठाऊक नाही. ताई घरी आली, जे बोलायचं ते बोलली, जे बोलायचं नव्हतं तेही बोलली. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि मूग गिळून बसला. त्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन बसलं, कारण धाकट्यानं पाणी बघितलं नव्हतं. ताईच्या मते ते त्यानं विसरून केलं नव्हतं. त्याचं मनच आधी निघून गेलं होतं, हात तेवढे इथं राहिले होते.

रविवारी तो जाणार होता. म्हणजे एकत्र कामाचे सहा दिवस उरले होते. त्या सहा दिवसांत त्यानं नुसतं "ताई" अशी हाक मारली असती तरी तिनं सगळं सोडून दिलं असतं. तिनं स्वतः हाक मारायचा प्रश्नच नव्हता. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, अशी ती बाई होती.

जुन्या गाडीत पार्टिशनला हातभर खिडकी होती. ह्या गाडीत अखंड पत्रा होता, खालपासून वरपर्यंत. मागं काय चाललंय ते पुढं दिसायचं नाही. ताईला ते बरंच वाटलं. त्याचं तोंड बघायला नको.

३

मंगळवारी हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात ती गाडी मागं घेत होती. रॅम्प अरुंद, एका बाजूला ऑक्सिजनच्या नळकांड्यांची रांग. दोन थापा पडल्या. तिनं गाडी अजून मागं घेतली. पुन्हा दोन थापा. घेतली. मग बंपर रॅम्पच्या कठड्याला घासला, तो आवाज तिच्या दातांत गेला.

तिनं ब्रेक दाबून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "डोळे गहाण ठेवलेत का," असं ती म्हणणार होती. दहा दिवसांतलं पहिलं वाक्य निदान ते तरी झालं असतं. पण धाकटा गाडीमागं नव्हता. तो अंगणाच्या पलीकडं होता, स्टोअरच्या दारात, दोन्ही खांद्यांवर मळक्या चादरींची गाठोडी घेऊन, आणि तिच्याकडं असा बघत होता की जणू तिनंच मुद्दाम घासली.

ती फाटकापाशी थांबली होती तेव्हा तो उतरून पुढं गेला असणार. मग थापा कुणी मारल्या? वॉचमननं? वॉचमन फाटकात बसून पाय खाजवत होता. एखाद्या वॉर्डबॉयनं, जाता जाता, गंमत म्हणून. लोकांना दुसऱ्याच्या गाडीवर हात आपटायची खोड असतेच.

"तू मारल्यास का थापा?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? धाकट्यानं गाठोडी आत टाकली, दार ओढलं. दोन थापा. ताईनं हॉर्न दाबला, पण हळूच नव्हे. चांगला करकचून दाबला.

दुपारी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. धाकटा उंच. मागं उभा राहून तो थाप मारायचा ती तिच्या कानाच्या पातळीला लागायची. ह्या गाडीत ती खाली लागत होती, तिच्या कमरेशी. बसून मारत असेल. गाठोड्यांवर लोळत असेल राजासारखा. नोकरी सोडलेल्या माणसाला काय, बसून थापा मारल्या तरी चालतं.

तरी तिनं चष्मेवाल्याला फोन लावला. राग काढायला एक जागा हवीच होती.

"तुमच्या गाडीचा पत्रा वाजतो."

"कुठला?"

"मधला. पार्टिशनचा."

पलीकडं एक दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सैल आहे तो. उन्हात तापला की फुगतो आणि वाजतो. आधीची गिऱ्हाइकंही म्हणाली होती."

"मग दुरुस्त करून का देत नाही? माझी गाडी घासली त्यानं."

"पत्र्यानं?"

ह्यावर ताईनं फोन आपटला. पत्रा तापतो, फुगतो, वाजतो. शाळेत शिकवलेलं आहे. वाजणारा पत्रा बरोबर दोनदाच का वाजावा, हे शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं.

४

बुधवारी चादर परत आली.

हॉस्पिटलच्या चादरीची घडी ठरलेली. लांबीत चार, रुंदीत तीन, कडा आत. वीस वर्षांत लाखभर चादरी दोघांच्या हातांखालून अशाच गेल्या होत्या, झोपेतही चुकली नसती. स्टोअरकीपर बाईनं गठ्ठ्यातून एक चादर काढून ताईसमोर धरली. तिचे चारही कोपरे मध्यावर आणून एकावर एक दुमडले होते, पत्राच्या पाकिटासारखे, आणि वरून हातानं दाबून दाबून सपाट केले होते. इस्त्रीची घडी आधी होती, ती मोडून कुणीतरी ही घातली होती. खूप मन लावून घातली होती.

"ही कुठली नवी पद्धत?" बाई म्हणाली.

नवी पद्धत म्हणजे मागं बसून टिवल्याबावल्या, दुसरं काय? ताईनं घरी आल्यावर ती चादर धाकट्याच्या खाटेवर ठेवली, त्याला दिसेल अशी. तासाभरानं ती तिला तिच्या इस्त्रीच्या टेबलावर सापडली. वर त्यानं इस्त्रीच ठेवून दिली होती, थंड. म्हणजे त्याला वाटलं होतं की हे तिचं काम आहे. तिनं त्याला टोमणा मारायला घडी घातली आणि वर त्याच्याच खाटेवर नेऊन ठेवली, असं त्याला वाटलं होतं.

त्याला असं वाटूच कसं शकतं, ह्या विचारानं तिचा संताप असा वाढला की त्यापुढचा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. त्यानं घातली नाही, आपण घातली नाही, तर मग घातली कुणी?

तो विचार आला गुरुवारी सकाळी. अंगणात ती गाडी धूत होती. धाकटा धुण्याच्या यंत्रांपाशी होता, यंत्रांचा आवाज आणि त्याचं खोकणं तिला नीट ऐकू येत होतं. ती पुढच्या सीटखालचा कचरा काढायला आत बसली आणि सवयीनं पुटपुटायला लागली. गेले तीन दिवस ती गाडी चालवताना पार्टिशनशीच बोलत होती. सगळं पत्र्याला ऐकवत होती. "कृतघ्न आहेस," ती म्हणाली. "पाठीमागून वार करणारा."

पत्र्यावर दोन थापा पडल्या. खाली, कमरेशी. सगळं ठीक.

ताईनं हातातला कचरा खाली ठेवला. तिकडं धाकटा खोकला. गाडी सावलीत होती, पत्रा गार होता. तिनं हात लावून पाहिला. मग ती उतरली, तरातरा मागं गेली आणि दोन्ही दारं सताड उघडली. डबा रिकामा होता. ब्लीचचा वास, ओली जमीन, कोपऱ्यात दोरीचं भेंडोळं. दाराशी टेकून ती बराच वेळ बघत राहिली. पळून जायचं तिच्या मनात आलं नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच की हे धाकट्याला सांगायला हवं, आणि सांगायचं म्हणजे आधी त्याच्याशी बोलायला हवं, आणि आधी आपण बोलायचं म्हणजे तो जिंकला.

तिनं दारं लावली. दोन दिवस तर राहिलेत, ती स्वतःला म्हणाली. गाडी परत गेली की पत्राही परत जाईल.

५

शनिवारी हॉस्पिटलात धाकट्याला वेळ लागला. वॉर्डमधल्या बायका, किचनमधला म्हातारा, लिफ्टवाला, सगळ्यांना त्याला भेटायचं होतं. ताई गाडीत बसून होती. स्टोअरकीपर बाई खिडकीशी आली.

"चांगला माणूस आहे हो तुमचा भाऊ. मला म्हणाला, ताईला सांगायची हिंमत होत नाही, तुम्हीच जरा विषय काढा."

ताईनं मान वळवली. "तुम्हाला असं म्हणाला?"

"महिना झाला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

ताईचे डोळे भरून आले, ते बाईनं पाहिलं आणि ती निघून गेली. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. पाठीमागून वार, ती म्हणाली होती. आणि त्या बिचाऱ्यानं तर घाबरून मध्ये एक माणूस घातलं होतं. लहानपणी प्रगतीपुस्तकावर सही हवी असली की असाच शेजारच्या काकूंना पुढं करायचा. पंधरा दिवसांचा राग एकदम कुठं ठेवावा ते तिला कळेना.

मागचं दार लागल्याचा आवाज झाला. दोन थापा. तिनं हॉर्न हळूच एकदा दाबला, आधी दाबायची तसा, आणि निघाली.

पुलाचं काम चाललं होतं. एकच पट्टा चालू होता, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या आणि मग सरकायच्याही थांबल्या. ऊन डोक्यावर होतं. ताईनं इंजिन बंद केलं. मागून कसलाच आवाज येत नव्हता. तिनं आरशात स्वतःकडं पाहिलं, मग पत्र्याकडं.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली. "मला नोकरीचा राग नाही. कधीच नव्हता. तू मला आधी सांगितलं नाहीस, एवढाच राग होता. आणि तू का सांगितलं नाहीस ते मला आत्ता कळलं. मी अशी आहे म्हणून."

पलीकडं शांतता होती. तिला ती बरी वाटली. धाकटा असाच ऐकायचा.

"मला तोंड आहे, लगाम नाही. आई गेल्यावर कुणीतरी ओरडायला हवं होतं, म्हणून मी ओरडत गेले, आणि मग थांबायचंच राहून गेलं. जाऊ नकोस रे. तुला वाटलं तर गाडी तू चालव, मी मागं बसते. धंद्यावर तुझं नाव घालू. नाहीतर काहीच करू नकोस, नुसता घरी राहा. ते घर तुझं आहे. कायमचा राहा. मी तुला कधी जा म्हणणार नाही."

एवढं बोलून ती दमली. डोळे पुसायला तिला ओढणीचं टोकही सापडेना.

पत्र्यावर दोन थापा पडल्या. अगदी हलक्या, कमरेशी. लहान मुलाला थोपटावं तशा.

ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा दगड उतरला. शेजारच्या ट्रकवाल्यानं तिच्याकडं पाहून तोंड फिरवलं. ती पुढच्या गोष्टी ठरवायला लागली होती, संध्याकाळी काय रांधायचं ते, आणि तेवढ्यात फोन वाजला.

धाकट्याचं नाव होतं.

६

"हं, बोल की," ती हसतच म्हणाली. "मागून फोन कशाला करतोस?"

"ताई." त्याचा आवाज मोकळ्या जागेतून येत होता, मागं गाड्यांचे भोंगे, कुणीतरी गावांची नावं पुकारत होतं. "मी स्टँडवर आहे. अर्धा तास वाट बघितली मी त्या अंगणात, उन्हात. म्हटलं वळून येशील. मी दार लावलं नव्हतं, थाप मारली नव्हती. तू गाडी काढलीस आणि गेलीस. सगळे बघत होते."

ताईनं मान वळवून पत्र्याकडं पाहिलं.

"तुला जे सांगायचं होतं ते कळलं मला. म्हणून उद्याची वाट बघत नाही. आत्ताची बस पकडतो. माझे कपडे मागाहून पाठव, नाही पाठवलेस तरी चालेल."

"मग मागं कोण बसलंय?" ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या मागं. आत्ता. थापा कोण मारतंय?"

"ताई, आता तरी टोमणे पुरे," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. त्यानं उचलला नाही.

ती उतरली. पुढची रांग हलली होती, मागचे हॉर्न वाजवत होते, कुणीतरी शिवी दिली. ताईला त्या शिवीचा आधार वाटला. ती गाडीच्या कडेनं मागं गेली आणि तिनं एक दार उघडलं, हातभर.

बाहेरच्या उन्हातून आत आधी काही दिसलं नाही. मग गाठोडी दिसली, आणि पार्टिशनला लागून गाठोड्यांच्या मधोमध केलेली जागा. त्या जागेत एक चादर कशावर तरी पांघरलेली होती. जे होतं ते बसलेलं होतं, तिच्याकडं पाठ करून, पार्टिशनला अगदी चिकटून. चादरीतून दोन हात वर आलेले होते आणि दोन्ही तळवे पत्र्यावर पसरून टेकवलेले होते. पलीकडच्या माणसाचं बोलणं एक शब्दही न सांडता ऐकावं, तसं ते बसलं होतं.

ताईनं दार लावलं. कडी घातली. मग पुढं जाऊन गाडी चालू केली, कारण मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

सगळा रस्ताभर ती ओरडत होती. "उतर," ती म्हणाली. "तुला नव्हतं सांगितलं. ते तुझ्यासाठी नव्हतं." तिच्या आयुष्यात ती इतकी कुणावर ओरडली नव्हती. पत्रा एकदाही वाजला नाही.

७

चष्मेवाल्यानं फॉर्म घेऊन गाडीभोवती फेरी मारली. बंपरचा नवा ओरखडा त्यानं पाहिला, पण फुली केली नाही. मग त्यानं मागची दारं उघडली. ताई दहा पावलं लांब उभी होती.

आत गाठोडी होती. सगळ्यात वर एक चादर, चारही कोपरे मध्यावर दुमडलेली. बाकी काही नाही.

चष्मेवाला आत चढला. पार्टिशनपर्यंत गेला, गुडघ्यावर बसला आणि पत्र्याला कान लावला. मग त्यानं तळव्यानं एक थाप मारली आणि वाट पाहिली. दुसरी मारली. पुन्हा वाट पाहिली. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता, खूप दिवसांचं दुखणं थांबावं तसा.

"आता वाजत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे उतरलं?"

"आधीचं गिऱ्हाईकही असंच विचारत होतं. उतरलं का, उतरलं का. पण त्याच्या वेळी पत्रा वाजतच राहिला होता." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुम्ही काय केलंत?"

ताईचा हात उठला होता. ह्या माणसाच्या कानाखाली एक वाजवावी, त्याचा फॉर्म त्याच्या तोंडात कोंबावा. बोट ठेवून दाखवत होता. खरं काय ते तोंडानं सांगायला काय झालं होतं? पण सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का, हेही तिला माहीत होतं. तिनं टेम्पो बोलावला, गाठोडी त्यात टाकली आणि ती वरची चादर तिथंच नाल्यात भिरकावली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. धाकट्याच्या खोलीचं दार उघडं होतं. खाट, दोरीवरचे दोन शर्ट, खिडकीत वस्तरा. ती खोली आणि इस्त्रीचं टेबल, ह्यांच्या मध्ये एकच भिंत होती. ताईनं टेबलाशी उभं राहून इस्त्री तापत ठेवली, कारण उभं राहायला तीच एक जागा तिला ठाऊक होती.

फोन वाजला. धाकटा.

"ताई." आवाज खाली आलेला होता. बस कुठंतरी चहापाण्याला थांबली असावी. "स्टोअरच्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मी त्यांना विषय काढायला सांगितलं होतं ते तुला आजच कळलं. तू रडलीस म्हणाल्या."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी चुकलो गं. मीच सांगायला हवं होतं. इथून परतीची बस आहे, दहा मिनिटांत सुटते. तू एकदा ये म्हण, मी येतो. नोकरी गेली खड्ड्यात. नुसतं ये म्हण."

तिनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. एकाच अक्षराचा शब्द, पंधरा दिवस अडकून बसलेला.

भिंतीवर दोन थापा पडल्या. धाकट्याच्या खोलीतून. खाली, कमरेशी.

ताईनं त्या जागेकडं पाहिलं. चुन्याचा एक पापुद्रा सुटून जमिनीवर पडला. धाकटा आला तर जेवेल, पाणी पिईल आणि त्या खाटेवर जाऊन झोपेल.

"ताई? आहेस ना?"

"कशाला येतोस?" ती म्हणाली. आवाज तिचा तिला ओळखू आला, रोजचाच होता. "तुझी खोली मी दिली दुसऱ्याला."

"काय बोलतेस?"

"खरं बोलते. मी रडले ती तुझी पीडा गेली म्हणून. वीस वर्षं सांभाळला तुला, पुरे झालं. इथं तोंड दाखवू नकोस. दिवाळीला नको, मेले तरी नको. आलास तर दारातून हाकलून देईन, सगळ्यांच्या देखत. कळलं?"

तो श्वास घेत होता, ते तिला ऐकू येत होतं. मागं कंडक्टरनं हाक दिली.

"कळलं, ताई," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावरही तिनं तो कानाला धरून ठेवला. इस्त्रीखालच्या कापडाचा करपल्याचा वास यायला लागला होता. भिंतीपलीकडून पुन्हा दोन थापा पडल्या. सगळं ठीक.